गळ्याच्या ऑपरेशनआधी विचारायचा दुसरा प्रश्न



आमच्या कोल्हापुरात, शिवाजी पेठेत कुणाला थायरॉइडची गाठ काढायला सांगितली, की घरातले आधी विचारतात, ‘डॉक्टर, आवाज जाणार नाही ना?’ विचारायलाच हवं. पण जोडीला आणखी एक प्रश्न विचारा : ‘पॅराथायरॉइड ग्रंथी कशा वाचवणार?’

थायरॉइडच्या मागच्या बाजूला या ग्रंथी असतात. बहुतेकांना चार. मसुरीच्या डाळीएवढी एकेक, वजन जेमतेम ३० ते ४० मिलिग्रॅम. रक्तातलं कॅल्शियम त्याच राखतात. ते घसरलं, की नसा आणि स्नायू बिथरतात. १८५० साली रिचर्ड ओवेन यांनी या ग्रंथीची नोंद केली, ती लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मेलेल्या भारतीय गेंड्याच्या शवविच्छेदनावरून. माणसातलं सविस्तर वर्णन १८८० साली स्वीडनच्या इवार सँडस्ट्रॉम यांनी केलं.

ऑपरेशनच्या वेळी ही ग्रंथी चरबीतच दडलेली असते. चरबी फिकट पिवळी, ग्रंथी किंचित तपकिरी. नजर तयार असेल तरच फरक कळतो. नुसती ओळखून भागत नाही. तिला रक्त देणारी केसासारखी बारीक वाहिनीही जपावी लागते. म्हणून मोठी रक्तवाहिनी दुरून न बांधता तिच्या बारीक फांद्या थायरॉइडला अगदी लगटून बांधतात आणि ग्रंथी हलकेच बाजूला सारतात. एवढं करूनही ती काळवंडली, तर तिचे बारीक तुकडे करून मानेच्या स्नायूत रुजवतात. बहुतेक वेळा काही आठवड्यांत ती पुन्हा काम करू लागते.

या ग्रंथी दुखावल्या, तर कॅल्शियम घसरतं. म्हणून पूर्ण थायरॉइड काढल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत ओठांभोवती किंवा बोटांच्या टोकांना मुंग्या येऊ लागल्या, हातापायांत गोळे आले, तर ‘अशक्तपणा असेल’ म्हणून अंगावर काढू नका. लगेच डॉक्टरांना कळवा. बोटं आखडली, श्वास अडखळला किंवा झटका आला, तर रात्र असो वा पहाट, थेट दवाखाना गाठा. रक्त तपासून कॅल्शियम शिरेतून देता येतं. बहुतेकांचा हा त्रास काही आठवड्यांत ओसरतो. थोड्यांना मात्र कॅल्शियमच्या गोळ्या कायमच्या लागतात.

गोळ्यांचंही लक्षात ठेवा. थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी घ्यायची आणि कॅल्शियमची त्यानंतर किमान चार तासांनी. दोन्ही एकत्र घेतल्या, तर थायरॉइडची गोळी नीट अंगी लागत नाही.

ऑपरेशन इथं सीपीआर रुग्णालयात असो, नाहीतर मुंबईला टाटा रुग्णालयात, घरी सोडण्याआधी कॅल्शियमचा रिपोर्ट मागून घ्या. मुंग्या आल्या तर कुठल्या नंबरवर फोन करायचा, तेही लिहून घ्या. विचारायला संकोच करू नका, तो तुमचा हक्क आहे. चांगल्या डॉक्टरला अशा प्रश्नाचा राग येत नाही.