नव्या प्रतिजैविकाची कसोटी कोणी घ्यायची?



एप्रिल २०१९ मध्ये अमेरिकेतील अकाओजेन नावाच्या औषध कंपनीने दिवाळे काढले. भांडवलशाहीत कंपन्या उभ्या राहतात आणि बुडतात. त्यात शोक करण्यासारखे काही नाही. परंतु हे दिवाळे प्रत्येक कार्यकर्त्याने मुळापासून समजून घ्यावे असे आहे. कारण या कंपनीचे औषध निकामी ठरलेले नव्हते. प्लाझोमायसिन हे तिचे प्रतिजैविक जून २०१८ मध्ये सरकारमान्य झाले होते. दहा महिन्यांत कंपनी संपली, आणि त्यानंतर तीनच महिन्यांनी जागतिक आरोग्य संघटनेने तेच औषध अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातले! मानवजातीला जे अत्यावश्यक, ते बाजाराला अनावश्यक ठरले. हा विरोधाभास कोठून आला?

हे औषध ज्या जंतूंसाठी होते, ते माणसाच्या आतड्यात राहणारे क्लेबसिएला आणि त्याच्या कुळातील जंतू. रुग्ण अशक्त झाला, नळ्या घातल्या गेल्या, की ते मूत्रमार्गात, फुप्फुसात, रक्तात शिरतात. कार्बापेनेम गटातील औषधे हे त्यांच्यावरचे हुकमी अस्त्र होते. त्यालाही दाद न देणारे जंतू आता जगभरच्या रुग्णालयांत आहेत. मग डॉक्टरच्या हाती उरते ते कोलिस्टिनसारखे मूत्रपिंडाला इजा करणारे जुने औषध.

नव्या औषधाची परीक्षा नेमकी याच रुग्णांवर घ्यायची, हे वाटते तितके सोपे नाही. रुग्ण अतिदक्षता विभागात असतो, बहुधा शुद्धीवर नसतो. संमती द्यायची कोणी? रक्तातील जंतू वाढवून तो कोणत्या औषधाला दाद देतो हे कळायला दोन-तीन दिवस जातात, आणि तोवर थांबणे म्हणजे मृत्यूला वाट करून देणे. म्हणून आधीच अनेक औषधे दिलेली असतात. मग गुण आला तो कशाने, हे सांगता येत नाही. शिवाय असे रुग्ण एका ठिकाणी मिळत नाहीत. एक या गावी, दुसरा त्या देशी. प्लाझोमायसिनची कोलिस्टिनशी तुलना करण्यासाठी दोन हजारांहून अधिक रुग्ण तपासले गेले आणि चाचणीत अखेर घेता आले ते केवळ ३९. त्यांपैकी जंतूंची खात्री पटलेल्या ३७ जणांत मृत्यू किंवा गंभीर गुंतागुंत झाली ती नव्या औषधाच्या गटात १७ पैकी ४ जणांना, कोलिस्टिनच्या गटात २० पैकी १० जणांना. आकडे आशादायक खरे; पण इतक्या थोड्या रुग्णांवरून निर्णय देता येईना. अमेरिकी औषध प्रशासनाने मूत्रमार्गाच्या संसर्गासाठी परवानगी दिली, रक्तातील संसर्गासाठी नाकारली.

मग कंपन्या सोपी वाट धरतात. जंतू अद्याप जुन्या औषधांना दाद देत आहेत अशा, तुलनेने धडधाकट रुग्णांवर चाचणी घ्यायची, आणि नवे औषध जुन्यापेक्षा फारसे कमी नाही एवढे सिद्ध करून परवाना मिळवायचा. कायद्याने हे चालते. पण मरणाच्या दारी असलेल्या रुग्णाच्या प्रश्नाचे उत्तर त्यातून मिळत नाही. सेफिडेरोकॉल या जपानी औषधाला नोव्हेंबर २०१९ मध्ये अमेरिकेत मूत्रमार्गाच्या संसर्गासाठी परवाना मिळाला. खऱ्याखुऱ्या प्रतिरोधी जंतूंच्या रुग्णांवर त्याची चाचणी झाली तेव्हा नव्या औषधाच्या गटात १०१ पैकी ३४ दगावले, उपलब्ध उपचारांच्या गटात ४९ पैकी ९. हा फरक मुख्यतः एका विशिष्ट जंतूच्या रुग्णांत दिसला, औषध टाकाऊही ठरले नाही. पण त्याच्या माहितीपत्रकात सावधगिरीचा इशारा घालावा लागला. ज्याच्यासाठी औषध, त्याच्यावरच त्याची कसोटी लागली पाहिजे, हा याचा धडा.

हा धडा जुनाच आहे. १९४८ साली ब्रिटनच्या सरकारी वैद्यक संशोधन परिषदेने स्ट्रेप्टोमायसिनची चाचणी प्रसिद्ध केली. औषध अपुरे होते. म्हणून १०७ क्षयरुग्णांपैकी कोणाला ते द्यायचे हे चिठ्ठ्या टाकाव्यात त्या न्यायाने ठरले. सहा महिन्यांत औषध मिळालेल्या ५५ पैकी ४ दगावले, केवळ विश्रांती मिळालेल्या ५२ पैकी १४. पण परिषदेने रुग्णांना वाऱ्यावर सोडले नाही. पाच वर्षांनी मोजदाद झाली तेव्हा मृत्यू होते ३२ आणि ३५! जंतूंनी औषध पचवले होते. एकट्या औषधावर विसंबू नये, दोन-तीन औषधे एकत्र द्यावीत, हे शास्त्र अशा चिकाटीच्या चाचण्यांतून उभे राहिले. औषध खपवण्याची घाई नसलेल्या सार्वजनिक संस्थेलाच हे साधले.

बाजाराला हे का साधत नाही? नवे प्रतिजैविक जपून वापरावे, राखून ठेवावे, हेच समाजाच्या हिताचे. अन्यथा जंतू तेही पचवतील. परंतु जो माल कमी खपावा अशीच अपेक्षा, त्यात भांडवल कोण घालणार? ॲस्ट्राझेनेकाने २०१६ मध्ये, नोव्हार्टिसने २०१८ मध्ये या क्षेत्रातून अंग काढून घेतले. लहान कंपन्या उरल्या. अकाओजेनला संशोधनासाठी अमेरिकी सरकारचा पैसा मिळाला होता. तरीही ती बुडाली आणि औषधाचे हक्क लिलावात गेले. ते आपल्या मुंबईच्या सिप्लाच्या अमेरिकी शाखेने घेतले. पैसा जनतेचा, जोखीम रुग्णाची, आणि मालकी मात्र बोली लावणाऱ्याची, असा हा व्यवहार आहे.

यावर भारतातल्या कार्यकर्त्याने दोन दिशांनी विचार केला पाहिजे. एक भीती खरी आहे: गरीब रुग्ण हा स्वस्त प्रयोगाचे साधन होईल. स्वास्थ्य अधिकार मंचाच्या याचिकेवर २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने चाचण्यांवरील ढिसाळ देखरेखीबद्दल सरकारला खडसावले. पुढे २०१९ च्या नियमांत नुकसानभरपाई आणि दुर्बल रुग्णांच्या संमतीचे चित्रमुद्रण यांची तरतूद झाली. ही पहारेकऱ्याची भूमिका सोडता कामा नये. पण चाचणीच नको, असे म्हणणे हाही गरिबांवर अन्यायच ठरेल. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा अंदाज असा, की २०१९ मध्ये भारतासह आठ देशांत कार्बापेनेमला न जुमानणाऱ्या जंतूंचे सुमारे १५ लाख रुग्ण होते, आणि त्यांपैकी योग्य औषध मिळाले ते फक्त ६.९ टक्क्यांना. बाकीच्यांवर जे उपचार झाले, तोही एक प्रयोगच नव्हे काय? फरक इतकाच, की त्याची ना कोणी नोंद ठेवली, ना त्यातून कोणी काही शिकले.

दुसरी वाट अस्तित्वात आहे. २०२० च्या महामारीत ब्रिटनच्या सार्वजनिक आरोग्यसेवेने आपल्या रुग्णालयांतून एकच सोपी चाचणी चालवली आणि सुमारे तीन महिन्यांत ६,४२५ रुग्णांच्या आधारे डेक्सामेथासोन या स्वस्त औषधाचा गुण सिद्ध केला. प्रतिरोधी जंतूंचे रुग्ण विखुरलेले असतात. म्हणून तर रुग्णालयांचे असे कायमस्वरूपी जाळे त्यांच्यासाठी अधिकच हवे.

तेव्हा मागणी स्पष्ट असावी. जिल्हा रुग्णालयापर्यंत जंतुपरीक्षेची प्रयोगशाळा हवी. तिच्यावाचून औषधाची निवड अंदाजानेच होत राहील. सार्वजनिक रुग्णालयांचे चाचणी-जाळे सरकारी खर्चाने उभे राहावे, आणि त्याचे निष्कर्ष, अपयशासकट, जाहीर व्हावेत. ज्या रुग्णालयातील रुग्णांनी आपले शरीर कसोटीला लावले, तेथे ते औषध पुढे माफक दरात मिळालेच पाहिजे. औषधाचा मोबदला त्याच्या खपावर नव्हे, तर त्याच्या उपलब्धतेवर द्यावा. इंग्लंडने २०२२ पासून दोन प्रतिजैविकांसाठी अशी वार्षिक रक्कम देण्यास आरंभ केला आहे.

१९५४ साली पिंपरीला सरकारी मालकीचा हिंदुस्थान अँटिबायोटिक्स कारखाना उभा राहिला, तेव्हा पेनिसिलिन ही गरिबांच्याही हक्काची वस्तू आहे असे या देशाने मानले होते. पुढे तो कारखाना तोट्यात रुतला. पण त्यामागचा विचार खोटा ठरलेला नाही. औषध गोदामात राखून ठेवावे आणि वेळ येताच गरिबातल्या गरिबाला द्यावे, हे नफ्याच्या हिशेबात बसत नाही. समाजाच्या हिशेबात मात्र ते बसते, आणि तो हिशेब मांडून दाखवण्याचे काम कार्यकर्त्यांनीच अंगावर घ्यावयाचे आहे.