चैत्रातील परसबाग आणि तेथील घरटी

(अलिबाग तालुक्यातील किनाऱ्यालगतच्या एका गावी उन्हाळी परसबागेसंबंधी घेतलेल्या प्रशिक्षण वर्गात कृषिविद्या विषयाच्या व्याख्यातीने केलेले भाषण)



कार्यक्रमपत्रिकेवर माझ्या नावापुढे 'परसबागेतील कीड नियंत्रण' असा विषय लिहिलेला आहे. बोलणार मी त्याच विषयावर आहे, पण सुरुवात घरट्यांपासून करणार आहे. हे विषयांतर आहे असे सुरुवातीला वाटेल. तसे ते का नाही, हे मला स्वतःला एका चुकीतून कळले. ती चूक पुढे सांगते.

हे गाव ज्या तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातील किहीम येथे १९३० साली डॉ. सालिम अली आणि त्यांच्या पत्नी तेहमिना राहत होत्या. जर्मनीत पक्षिशास्त्राचे शिक्षण घेऊन ते परतले, तेव्हा मुंबईच्या संग्रहालयातील त्यांची जागा पैशाअभावी बंद झालेली होती. नोकरी नाही, म्हणून ते किहीमच्या घरी येऊन राहिले. घराजवळच सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. ते पावसाळ्याच्या महिन्यांत रोज तेथे बसून पाहू लागले आणि त्यातून जे समजले ते १९३१ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

त्यांना काय दिसले? घरटे विणतो तो नर. भाताच्या पातीच्या, झावळीच्या बारीक चिरफळ्या काढून तो अर्धे घरटे विणतो आणि थांबतो. मग मादी येते, आत शिरून तपासते. पसंत पडले तर राहते, नाही तर निघून जाते. पसंत पडले की नर उरलेले घरटे आणि खालची नळी पुरी करतो. मादी अंड्यावर बसली की हे महाशय शेजारी दुसरे घरटे विणायला घेतात, दुसऱ्या मादीसाठी! म्हणजे आपण ज्याला सुगरणीचा खोपा म्हणतो तो सगळा गडीमाणसाचा हात आहे. (येथे बसलेल्या भगिनी हसल्या, पण पिल्ले वाढवण्याचे बरेचसे काम पुन्हा मादीकडेच येते, हेही त्यांनी ध्यानात घ्यावे.) हे पक्षी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. तरी पक्ष्याचा हा सारा संसार नीट कळण्यासाठी कोणीतरी एका जागी बसून तो पाहावा लागला.

सुगरण ही पावसाळ्यातली. होळी झाल्यापासून मृगापर्यंत परसात जी घरटी होतात ती वेगळ्या पक्ष्यांची. पांगारा फुलतो, वालाची काढणी आटोपते, शेतात काही उरत नाही; पाणी असते ते फक्त विहिरीजवळच्या परसात आणि वाडीत. म्हणून पक्षी तेथे येतात. पहाटे कौलावर बसून शीळ घालणारा काळापांढरा दयाळ भिंतीच्या किंवा झाडाच्या ढोलीत घरटे करतो. शेवग्याच्या वाळक्या फांदीत गोल भोक पाडून 'पुक् पुक्' करत बसतो तो तांबट. जास्वंदीत किंवा वईच्या झुडपात वाटीसारखे घरटे असते ते लालबुड्या बुलबुलाचे. आणि मांडवाच्या खाली, तारेला किंवा बारीक फांदीला, कोळिष्टकात अडकलेल्या कचऱ्याची लोंबी दिसली तर झाडू मारण्याआधी जरा थांबा. वरच्या बाजूला छपरीसारखा पुढे आलेला भाग आणि त्याखाली भोक असेल तर ते शिंजीर पक्ष्याचे घरटे आहे. कोळ्याचे जाळे, सालीचे तुकडे, वाळकी पाने यांचेच ते बनवलेले असते. आपल्या किती घरांत हे जळमट म्हणून झाडून टाकले जाते याची गणती नाही.

आता माझी चूक. लग्नानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात सासूबाईंनी विहिरीशेजारी कारल्याचा मांडव घातला होता. मावा पडला, पाने आकसू लागली. घरात शेतीची पदव्युत्तर पदवी घेतलेली सून असताना वेल असे राहून कसे चालेल? मी पंप पाठीवर घेतला, शिफारस केलेले कीटकनाशक शिफारशीच्याच मात्रेत घेतले आणि संध्याकाळी वारा पडल्यावर फवारले. पुस्तकाप्रमाणे त्यात काहीही वावगे नव्हते. मांडवाच्या दुसऱ्या टोकाला शिंजिराचे घरटे होते आणि त्यात दोन पिल्ले होती. मला ते ठाऊक होते. त्या बाजूला फवारा जाऊ दिला नाही म्हणून मी निश्चिंत होते.

शिंजीर फुलातला मध पितो, पण पिल्लांना भरवतो ते किडे आणि कोळी. फवारलेल्या वेलावरचे अर्धमेले किडे धरायला सोपे असतात. दुसऱ्या दिवशी मादी दिवसभर ये-जा करत होती. तिसऱ्या दिवशी सकाळी येईनाशी झाली. दुपारी पाहिले तर दोन्ही पिल्ले मेलेली होती. मादीचे काय झाले ते समजले नाही. पिल्ले औषधानेच मेली याचा प्रयोगशाळेतला पुरावा माझ्याजवळ नाही. सासूबाई एवढेच म्हणाल्या, "अगो, कारली दोन कमी मिळाली असती तर काय झालं असतं?" त्या प्रश्नाचे उत्तर मी आजही वर्गात विद्यार्थ्यांना देऊ शकत नाही, कारण आर्थिक नुकसानीची पातळी नावाचे जे आपण शिकवतो, त्या हिशेबाने त्या दिवशी फवारणीची गरजच नव्हती. मावा दोन वेलांवर होता. शेंडे खुडून टाकले असते तरी भागले असते.

म्हणून परसातल्या वेलवर्गीय भाज्यांसाठी मी आता काय करते ते सांगते. तांबडे भुंगेरे सकाळच्या गारव्यात सुस्त असतात, तेव्हाच हाताने वेचून साबणाच्या पाण्यात टाकावेत. मावा थोडा असेल तेव्हाच शेंडे खुडावेत. वाढू लागला तर ५ टक्के निंबोळी अर्क फवारावा. फळमाशीसाठी आपल्या कोकण कृषी विद्यापीठाने काढलेला 'रक्षक' सापळा आहे. आंब्यासाठी त्यात मिथिल युजेनॉल वापरतात, कारली-काकडीसाठी मात्र क्यू ल्यूर लागतो. अनेकजण आंब्याचेच आमिष कारल्याला लावतात आणि सापळा चालत नाही म्हणून सांगतात. किडकी फळे उकिरड्यावर न फेकता खोल पुरावीत. एवढे करूनही रासायनिक औषधाची वेळ आली, तर आधी मांडव, वई आणि जवळची झाडे नजरेखालून घालावीत. घरट्यात पिल्ले असतील तर ती उडेपर्यंत थांबावे. अंडी घातल्यापासून पिल्लू उडेपर्यंत बुलबुलाला किंवा शिंजिराला साधारण महिना लागतो. पिल्ले फुटलेली असतील तर दोन आठवड्यांचाच प्रश्न असतो. तेवढ्यात हीच पाखरे तुमच्या किडी खाऊन कमी करत असतात. दयाळाच्या ढोलीसमोर पडवीत बसून मी एकदा खेपा मोजल्या. अर्ध्या तासात सात वेळा नर-मादी चोचीत काहीतरी घेऊन आली आणि त्यांत अळ्या स्पष्ट दिसत होत्या.

पक्षी नुकसान करतच नाहीत असे मी म्हणणार नाही. भात दुधात असताना सुगरणींचा थवा बांधालगतच्या लोंब्या चिपडून टाकतो हे आपण सर्व पाहतो. बुलबुल पिकलेला पेरू सोडत नाही. तेथे चमकणारी फीत लावा, फळांना पिशव्या घाला. पण दाणे खाणारी सुगरणसुद्धा पिल्लांना किडे भरवते.

दुसरा विषय थोडा अवघड आहे, आणि त्यात माझे शास्त्र आणि माझे डोळे एकमेकांशी भांडतात. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आले, तेव्हा मुरुड, श्रीवर्धनपासून इकडपर्यंत नारळ-सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या. आमच्या वाडीत दोन माडांचे शेंडे मोडले आणि नुसती खोडे उभी राहिली. अशी खोडे काढून टाकावीत, अशीच शिफारस आम्ही करतो. कुजणाऱ्या माडात गेंड्या भुंगा अंडी घालतो, त्याच्या हुमणीसारख्या अळ्या आत वाढतात आणि भुंगे बाहेर पडून नव्या लावलेल्या माडांचे कोवळे सुयीपान कातरतात. ज्यांची वाडी एका दुपारी गेली, त्यांना नवी रोपे पुन्हा किडीने गमावणे परवडणारे नाही. हे सर्व खरे आहे.

पण त्या दोन थोटक्यांपैकी एकाच्या पोकळीत पिंगळ्याची जोडी राहायला आली आणि दुसऱ्यात साळुंक्या. वादळात जुने आंबे, जुने माड गेले म्हणजे ढोल्याही गेल्या. नव्या माडाला तशी पोकळी व्हायला एक पिढी लागेल. सासऱ्यांनी करवत आणवली होती. मी त्यांना एक महिना मागून घेतला. त्या महिन्यात पिंगळ्याच्या खोडाखाली न पचलेल्या अन्नाच्या गोळ्या वेचून पाहिल्या. उंदराची हाडे होती, भुंगेऱ्यांचे कठीण पंख होते. गेंड्या भुंग्याचे शिंग मिळाले असते तर या भाषणाला शोभा आली असती, पण ते काही मिळाले नाही. एप्रिलअखेर पिंगळ्याची पिल्ले बाहेर पडली, त्यानंतर साळुंक्यांची. मेच्या मध्याला एक खोड पाडले, पावसाआधी चिरून जाळले. दुसरे आतून कोरडे आणि टणक निघाले, कुजलेले नव्हते, म्हणून ठेवले. दर दोन-तीन महिन्यांनी ठोकून तपासतो. शेणखताच्या खड्ड्यात मेटाऱ्हायझियम बुरशी टाकतो, कारण भुंग्याची खरी पैदास बहुधा तेथेच असते आणि आपण बोट दाखवतो ते माडाकडे. माझ्या मते तोडायची वेळ बदलली तर दोन्ही गोष्टी साधतात. मात्र ज्यांच्या वाडीत कुज स्पष्ट दिसते, त्यांनी पावसाची वाट पाहू नये.

शेवग्याचेही तसेच. शेंगा संपल्यावर छाटणी करताना वाळक्या फांदीला गोल भोक आहे का ते पाहा. तेवढी एक फांदी पिल्ले जाईपर्यंत राहू द्यावी. वई साफ करायची ती फाल्गुनाआधी. उंदरांसाठी ब्रोमाडिओलोनसारखे विष ठेवाल तर मेलेले उंदीर रोज गोळा करून पुरा, कारण तो उंदीर घुबडाने खाल्ला तर विष घुबडात जाते. गुरांना द्यायच्या डायक्लोफिनॅकने गिधाडांचे काय केले हे म्हसळ्याकडच्या मंडळींना सांगायला नको. २००६ साली गुरांसाठी त्यावर बंदी आली, तोवर उशीर झाला होता.

मुलांना घरटे दाखवा, पण लांबून. रोज जाऊन वाकून पाहिले की कावळ्याला पत्ता लागतो. आमच्या जास्वंदीतले बुलबुलाचे घरटे मी असेच दाखवून दाखवून घालवले. तीन पिल्ले भारद्वाजाने एका सकाळी नेली. भारद्वाज दिसला की शुभ मानतात. त्या दिवशी तो अगदी जवळून दिसला. अंडी-पिल्लांना हात लावणे वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, हेही मुलांना आताच सांगावे. कौले जाऊन स्लॅब आल्यावर चिमणीला आणि दयाळाला भिंतीत जागा उरली नाही. पडवीत मांजर पोहोचणार नाही इतक्या उंचीवर एक लहान मडके आडवे बांधून पाहा. चिमणीला तोंड लहान हवे, दयाळाला थोडे मोठे चालते.

एका भगिनीने मघाशी विचारले की तुमच्या मांडवावर पुन्हा शिंजीर आला का. पुढची दोन वर्षे आला नाही. तिसऱ्या वर्षी विहिरीच्या बाजूला नाही, पण न्हाणीघराच्या तारेवर आला. सासूबाईंनी ती तार कपडे वाळत घालायला बंद केली आणि आम्ही महिनाभर कपडे पुढच्या अंगणात वाळवले.

आता चहाला बोलावत आहेत. त्याआधी बाहेर मांडवाशी या, क्यू ल्यूरचा बोळा सापळ्यात कसा लावायचा आणि सापळा किती उंचीवर टांगायचा ते हातानेच दाखवते.