खकाण्यातले चेहरे



निपाणी म्हटलं की तंबाखू आठवतो आणि तंबाखू म्हटलं की वखार. वखारीत राबणाऱ्या बहुतेक बायकाच. नाकातोंडावर पदर घट्ट बांधलेला, भुवया-पापण्यांवर खकाण्याचा तपकिरी थर, दिसतात ते फक्त डोळे. परका माणूस कॅमेरा घेऊन समोर उभा राहिला, तर हा पदर सैल होईल कशाला?

तो झाला. 1982 साली ‘तंबाखू चाकीला ऊब आली’ हा माहितीपट आला. निपाणीच्या हजारो तंबाखू कामगार बायकांनी उभ्या केलेल्या संघटनेची ही गोष्ट. दीपा धनराज, आभा भैया, मीरा राव आणि नवरोज कॉन्ट्रॅक्टर यांच्या ‘युगांतर’ गटाने तो केला. चित्रण नवरोज यांचं. अहमदाबादचा हा पारशी माणूस पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकला. मणि कौल यांच्या ‘दुविधा’त राजस्थानातली माणसं त्यांच्याच कॅमेऱ्यातून दिसतात. पुण्याच्या मोलकरणी त्यांनी टिपल्या, जगभरचे जॅझ वादकही टिपले. माणसं बघण्याचं हे वेड जन्मभराचं होतं.

निपाणीत हा गट चार महिने बायकांसोबत राहिला. मजुरी, मालकाची दादागिरी, युनियन, सगळं ऐकून घेतलं. काय दाखवायचं हे ठरवण्यात बायकांचाही वाटा होता, म्हणून वखारीची दारं कॅमेऱ्याला उघडली. मला यातच खरी फोटोग्राफी दिसते. आपल्याच जिल्ह्यात सौंदत्तीला यल्लम्माच्या यात्रेत भंडाऱ्याने माखलेले चेहरे टिपायला लांबून लोक येतात. फोटो देखणे निघतात; पण ती बाई कुठली, घरी कोण, पोटाला काय करते, हे विचारायला कितीजण थांबतात? न विचारता घेतलेला चेहरा मला अर्धाच वाटतो.

नवरोज जून 2023 मध्ये मोटारसायकलच्या अपघातात गेले. ‘युगांतर’चे चित्रपट बर्लिनच्या आर्सेनल संस्थेने डिजिटल करून जपले आहेत. पण त्यात दिसणाऱ्या बायकांना नावानिशी ओळखणारी माणसं बर्लिनमध्ये नाहीत, ती निपाणीत आहेत, आणि आता थकली आहेत. तुमची आई, आजी, मावशी त्या काळी वखारीत असेल, तर हा माहितीपट मिळवून त्यांच्याशेजारी बसून बघा. कोण कोण दिसतंय ते विचारा, नावं लिहून ठेवा. घरातल्या जुन्या फोटोंच्या मागेही लिहा. हे काम या दिवाळीच्या आत करा.