ध्वनिक्षेपकाची पारख

आमच्या सिल्लोडच्या बाजारात माठ घ्यायला आलेली बाई माठाचा रंग पाहते, आकार पाहते; पण पैसे काढण्यापूर्वी त्याच्यावर एक टिचकी मारते. नाद खणखणीत आला तर माठ चांगला. बद्द आला तर कुठे तरी चीर आहे. माठाच्या बाबतीत एवढे चोखंदळ असलेले आपण, ध्वनिक्षेपक घ्यायला गेलो म्हणजे मात्र कान घरी ठेवतो आणि डोळ्यांनी खरेदी करतो. खोका केवढा उंच, वॅट किती, लाकूड कसे चकाकते! काही हजारांपासून काही लाखांपर्यंत किंमत असलेल्या या वस्तूची पारख कशी करावी, याविषयी आज चार शब्द बोलायचे आहेत. मी काही तंत्रज्ञ नाही. महाविद्यालयात भाषा शिकवतो. पण ज्याला ठेच लागली आहे त्याने रस्त्यातला दगड दाखवावा, एवढाच माझा अधिकार.

झाले असे. माझे वडील गावच्या भजनी मंडळात गायचे. त्यांची एक जुनी कॅसेट घरात होती. तीत दोन अभंग आणि मधे थोडेसे बोलणे. वडील गेले. पुढे पगाराची थकबाकी हाती आली तेव्हा मनात आले, ही कॅसेट आईला एकदा उत्तम यंत्रावर ऐकवावी. शहरातल्या एका दुकानात गेलो. दुकानदाराने एका चित्रपटातला ढगांचा गडगडाट लावला. छाती हादरली, आणि मी पैसे मोजले. घरी बैठकीच्या दोन कोपऱ्यांत दोन उंच खोके उभे केले आणि कॅसेट लावली. आईने दोन मिनिटे ऐकले आणि म्हणाली, "आवाज मोठा हाये, पर ह्यांचा न्हाई."

तिचे खरे होते. वडील जणू रांजणात तोंड घालून गात होते. तो चित्रपटातला गडगडाट मूळचा कसा होता हे मला कुठे ठाऊक होते? जो मूळ आवाज आपण ऐकलेला नाही, त्याची नक्कल बरोबर की चूक हे ठरवणार कसे? पारखीची पहिली कसोटी इथेच सापडते. ज्या आवाजाशी तुमच्या कानाची ओळख आहे, त्याच आवाजावर ध्वनिक्षेपक पारखावा.

ही केवळ आमच्या आईची रीत नव्हे. ब्रिटनच्या बीबीसीने १९७० च्या दशकाच्या आरंभी बाह्य प्रक्षेपणाच्या गाड्यांसाठी एलएस ३/५ए नावाचा ध्वनिक्षेपक तयार केला. उंची जेमतेम एक फूट. पण मनुष्याचा आवाज इतका स्वाभाविक की, जाणते लोक आजही त्याचे नाव काढतात. तिथल्या अभियंत्यांची पद्धत साधी होती. एका खोलीत माणूस बोलतो आहे, शेजारच्या खोलीत त्याचाच आवाज ध्वनिक्षेपकातून येतो आहे. इकडे ऐकायचे, तिकडे ऐकायचे, आणि फरक शोधायचा. मोजमापाची यंत्रे त्यांच्यापाशी होतीच, तरी ओळखीच्या आवाजाला त्यांनी साक्षीला बोलावले.

मनुष्याच्या आवाजानंतर तंबोरा ऐका. जवारी चांगली लागलेली असली म्हणजे तारेतून स्वरांचा एक झोत उमलत जातो. ध्वनिक्षेपक सामान्य असेल तर तिथे नुसती माशी गुणगुणते. मग तबला ऐका. डग्ग्याची घीस वर-खाली सरकताना स्पष्ट कळली पाहिजे. प्रत्येक थाप एकाच सुरात 'ढुब' अशी वाजत असेल, तर ती डग्ग्याची नव्हे, खोक्याची थाप आहे असे समजावे.

आता तुम्ही म्हणाल, पत्रकावर तर वीस ते वीस हजार कंपने छापलेली असतात, त्याचे काय? काळी एकमध्ये गाणाऱ्या गायकाच्या तंबोऱ्याचा खर्जसुद्धा सेकंदाला साधारण सत्तर कंपनांचा असतो. आणि वरच्या टोकाचे म्हणाल, तर चाळिशी ओलांडलेल्या माझ्यासारख्याच्या कानाला वीस हजारांचे सोयरसुतक उरलेले नसते. अभंग, ख्याल आणि बातम्या ऐकणाऱ्याने या दोन टोकांसाठी फार पैसे मोजू नयेत. वॅटचेही तेच. पन्नास वॅटचे शंभर केले तर आवाज दुप्पट होत नाही, फक्त तीन डेसिबलने वाढतो, म्हणजे थोडासाच.

आणखी दोन फसव्या गोष्टी आहेत. दोन ध्वनिक्षेपकांपैकी जो किंचित मोठ्याने वाजतो तो कानाला अधिक चांगला वाटतो. म्हणून दोन्हींचा आवाज समान करून मगच तुलना करा. दुसरी फसवणूक डोळ्यांची. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या संशोधकांनी १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, तेच श्रोते आणि तेच ध्वनिक्षेपक, एकदा पडद्याआड आणि एकदा समोर ठेवून ऐकवले. दिसू लागताच गुण बदलले. मोठ्या, दिमाखदार खोक्यांचे वाढले आणि लहानाचे घटले. म्हणून दुकानात थोडा वेळ डोळे मिटून बसा. दुकानदार हसला तर हसू द्या, पैसे आपले आहेत.

आता शेवटची गोष्ट, जी मला फार उशिरा कळली. आमच्या इकडून अजिंठ्याला गेलात तर दहाव्या लेण्यातल्या चैत्यगृहात हलकेच एक शब्द उच्चारून पाहा. शब्द संपतो, पण नाद रेंगाळत राहतो. बोलणारे तुम्हीच, फरक असतो तो जागेचा. आपल्या खोलीचेही तसेच आहे. सिमेंटच्या उघड्या भिंती आणि खाली गुळगुळीत फरशी असली की आवाज भिंतीभिंतीवर आपटत फिरतो. आणि ध्वनिक्षेपक कोपऱ्यात सारला की खालचे स्वर नको तितके फुगतात. माझ्या वडिलांना रांजणात कोंडण्यात दुकानदाराचा वाटा निम्मा, उरलेला निम्मा माझाच होता.

एका रविवारी मी दोन्ही खोके कोपऱ्यातून काढून भिंतीपासून दोन हात पुढे ओढले, खाली जाड सतरंजी अंथरली आणि मागच्या भिंतीवर आईच्याच हातची एक गोधडी टांगली. खर्च शून्य. पुन्हा कॅसेट लावली. आई डोळे मिटून ऐकत राहिली. पहिला अभंग संपला, मधले बोलणे आले, तेव्हा म्हणाली, "आता जरा जवळ आले." जरा, असे म्हणाली. पुरते आले असे म्हणाली नाही, आणि मीही ते मान्य केले. उरलेली चूक त्या खोक्यांच्या जातीतच आहे, ती गोधडीने झाकत नाही.

तेव्हा किमतीचा हिशेब मी आता असा करतो. एका मर्यादेपर्यंत पैशाला आवाज मिळतो. त्यापुढे पैसे दुप्पट झाले तरी आवाज थोडासाच सुधारतो, आणि आणखी पुढे केवळ लाकूड आणि नाव सुधारते. ती मर्यादा कुठे आहे, हे पत्रक सांगत नाही. ते सांगणारा कान बहुधा तुमच्या घरातच असतो. दुकानात जाताना घरच्या कोणाचा तरी आवाज ध्वनिमुद्रित करून बरोबर न्या, आणि त्याला ओळखणारे माणूस शेजारी बसवा. तो आवाज ऐकून त्या माणसाने मान वर करून पाहिले, तरच पाकिटाला हात घाला.