आधी आपण पुढे



आज ऐकू या एका सैनिकाची गोष्ट.
कर्नल संतोष महाडिक.
साताऱ्याजवळच्या पोगरवाडीचे सुपुत्र.
साताऱ्याच्या सैनिक शाळेचे विद्यार्थी.

ते होते लष्कराच्या पॅरा स्पेशल फोर्सेसचे.
या दलाची मरून रंगाची टोपी सहज मिळत नाही.
आधी अत्यंत खडतर कसोटी द्यावी लागते.
पाठीवर ओझं, हातात शस्त्र, डोळ्यांत झोप.
आणि ऐका...
अधिकारी असो वा जवान, कसोटी दोघांनाही.

म्हणून धडा हा.
जे दुसऱ्याला सांगायचं, ते आधी आपण करायचं.

नोव्हेंबर 2015.
काश्मीरमधलं कुपवाड्याचं जंगल.
दहशतवाद्यांचा शोध सुरू होता.
महाडिक तेव्हा 41 राष्ट्रीय रायफल्स या तुकडीचे प्रमुख.
तरीही ते स्वतः आघाडीवर होते.
तिथेच त्यांना वीरमरण आलं.

त्यांच्या पत्नी स्वातीताई.
दोन मुलांची आई.
2017 साली त्याही लष्करात अधिकारी झाल्या.
शब्द नाही, कृती!

श्रोतेहो, आपलं रणांगण वेगळं.
घर, शाळा, शेत, कारखाना.
पण धडा तोच.
जे दुसऱ्याला सांगायचं...
ते आधी आपण करायचं.