तारीख चुकली म्हणून बुद्धी गेली काय?



सांगलीच्या पेठेत हळदीचा आणि साताऱ्याकडील कारखान्यावर उसाचा हिशेब जन्मभर तोंडी सांभाळलेल्या वृद्ध शेतकऱ्यास आपण विचारतो, ‘आज तारीख काय?’ तो गप्प राहतो आणि ‘म्हातारचळ लागला’ असा शेरा बसतो. तिथी विचारली असती तर कदाचित त्याने लगेच सांगितली असती.

१९७५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेली एक छोटी स्मृतिचाचणी जगभर रूढ झाली. शंभरातून सात-सात वजा करणे, वाक्य लिहिणे, पंचकोन उतरविणे हे तिचे भाग. लेखणीच न धरलेल्या हाताने पंचकोन कसा काढावा? हरियाणातील वल्लभगढ भागातील निरक्षर वृद्धांसाठी १९९५ साली तिचे बदललेले हिंदी रूप प्रसिद्ध झाले. आपल्या शेजारी धारवाडकडे तर डॉ. कामत यांनी १९३०च्या दशकातच बिने यांची बुद्धिमापन चाचणी मराठी व कानडी मुलांसाठी घडविली होती.

आता अंगठ्याचा प्रश्न. ‘भ्रम झाला’ असे एकदा ठरले की सातबारा, वाटणीपत्र, बँकेचे खाते यांवर इतरांचे हात फिरू लागतात. उलट, खरोखर स्मृती ढासळलेल्याचा अंगठा गुपचूप उमटवूनही घेतला जातो. म्हणून पंचायत सदस्यांनी व शिक्षकांनी घरच्यांस आधी विचारावे : ओळखीच्या मळ्याची वाट चुकते काय? गेल्या दिवाळीस जमणारा व्यवहार आज जमतो काय? फरक आढळल्यास त्यांस शासकीय रुग्णालयात न्यावे. ब-१२ जीवनसत्त्वाचा अभाव किंवा थायरॉइडचा विकार निघाला, तर उपचाराने स्मृती सुधारू शकते.