अंगठा आणि अक्षर

(तळेघर येथे प्राथमिक शिक्षकांच्या सभेत शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



आजच्या सभेत मी मुलगा-मुलगी समानता या विषयावर बोलावे, अशी सूचना आहे. या विषयावर आपण पुष्कळ ऐकले आहे आणि प्रसंगोपात्त बोललोही आहोत. म्हणून तत्त्वाची उजळणी करण्यापेक्षा एका कार्याची हकीकत आपल्यापुढे ठेवावी आणि तिच्यावरून आपल्या वर्गापुरता काही बोध घेता येतो काय ते पाहावे, असे मी योजिले आहे.

ही हकीकत सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यातील म्हसवड गावची आहे. तळेघर आणि म्हसवड यांच्या निसर्गात मोठे अंतर आहे. आपल्याकडे आषाढात समोरचा डोंगर दिसेनासा होतो; माणदेशात आषाढातही आभाळाकडे डोळे लावून बसावे लागते. आपल्याकडे भातखाचरे आणि हिरडा, तर तिकडे ज्वारी-बाजरी आणि शेळ्यामेंढ्या. परंतु एका गोष्टीत दोन्ही मुलूख सारखेच आहेत. संसाराचे ओझे पुष्कळसे बाईच्या डोक्यावर असते आणि संसाराचा कागद बहुधा पुरुषाच्या नावे असतो.

मुंबईत वाढलेल्या, अर्थशास्त्र शिकलेल्या आणि जयप्रकाश नारायण यांच्या चळवळीत भाग घेतलेल्या श्रीमती चेतना गाला सिन्हा विवाहानंतर म्हसवडला राहावयास आल्या. तेथे लोहारकाम करून रस्त्याच्या कडेला राहणारी एक बाई त्यांना भेटली. पावसाळ्यापूर्वी झोपडीवर घालण्यासाठी प्लॅस्टिकचा कागद घ्यावा, म्हणून तिला रोजच्या कमाईतून थोडे पैसे बाजूला टाकावयाचे होते. एवढी अल्प रक्कम ठेवून घेण्यास बँक तयार नव्हती. तिने कर्ज मागितले नव्हते, दान मागितले नव्हते. स्वतःचे पैसे सुरक्षित राहावेत, इतकीच तिची मागणी होती. ती मागणी पुरी करणारी बँक नसेल, तर बायकांनी स्वतःचीच बँक काढावी, असे चेतनाताईंनी ठरविले.

रिझर्व्ह बँकेकडे अर्ज गेला आणि तो नामंजूर झाला. कारण असे, की बँक काढू इच्छिणाऱ्या सभासद स्त्रियांपैकी अनेकींना लिहितावाचता येत नव्हते. अर्जावर त्यांचे अंगठे होते. ज्यांना सही येत नाही त्यांच्या हाती बँक कशी द्यावी, हा आक्षेप वरवर पाहता गैर नव्हता. अशा वेळी माणूस निराश होतो किंवा रागावतो. या स्त्रियांनी यांपैकी काहीच केले नाही. दिवसभराचे कष्ट आटोपल्यावर त्या अक्षरे गिरवू लागल्या. काही महिन्यांनी त्या पुन्हा अधिकाऱ्यांपुढे उभ्या राहिल्या. आम्हांला वाचता येत नसे, पण हिशेब येतो; कोणत्याही रकमेचे व्याज विचारा, आम्ही तोंडी सांगतो, आपल्या माणसांनीही यंत्राविना सांगावे, असे आव्हान त्यांनी दिले. इ. स. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली.

पुढील एक प्रसंग फार बोलका आहे. रोजगार बुडवून बँकेत येणे स्त्रियांना परवडेना, तेव्हा बँकच त्यांच्या दारी जाऊ लागली. पैसे काढण्यासाठी गुप्त क्रमांक देण्याची योजना पुढे आली, परंतु ती स्त्रियांना पसंत पडली नाही. क्रमांक कोणालाही कळू शकेल आणि आमचे पैसे दुसराच काढून नेईल, त्यापेक्षा आमच्या अंगठ्याचा ठसाच किल्ली म्हणून वापरा, असे त्यांनी सुचविले. जो अंगठा पूर्वी अज्ञानाची खूण म्हणून नाकारला गेला होता, तोच त्यांच्या तिजोरीची किल्ली ठरला. अंगठा तोच होता; मधल्या काळात त्यामागची बाई शिकली होती, आणि तिचे म्हणणे ऐकून घेणारे कोणीतरी समोर होते.

पुढे २००६ मध्ये ग्रामीण स्त्रियांना व्यवसायाचे शिक्षण देणारी शाळा निघाली, आणि त्यानंतर आकाशवाणीसारखे गावचे स्वतःचे नभोवाणी केंद्रही निघाले. शेळ्यांचे कृत्रिम रेतन हे केवळ पुरुषाचे काम मानले जाई. तेही स्त्रिया शिकल्या. ‘बाईला व्यवहारातले काय कळते’ हा समज कोणाच्या व्याख्यानाने नाहीसा झाला नाही. बाईने बिनचूक व्याज सांगितले आणि तो समज आपोआप लटका पडला.

आता मी माझ्याविषयी सांगते. सुमारे तीस वर्षांपूर्वी मी डोंगरी भागातील एका शाळेवर नवीन शिक्षिका होते. शाळेचे आवार झाडणे आणि विहिरीवरून पाणी आणणे ही कामे मी मुलींकडे सोपविली होती. असे करताना माझ्या मनात दुष्टावा नव्हता, विचारच नव्हता. मी मुलगी असताना मीही तेच केले होते. पाणी आणावयाला लागणारा वेळ पहिल्या तासात जाई, आणि पहिला तास गणिताचा असे.

एके दिवशी चौथीतील एका मुलीची आई हिरड्याच्या वजनाची चिठ्ठी घेऊन शाळेत आली. तिने ती लेकीच्या हाती दिली आणि किती पैसे होतात ते विचारले. मुलीला गुणाकार करता आला नाही. मी चिठ्ठी तपासली. व्यापाऱ्याचा हिशेब अगदी बरोबर होता. परंतु प्रश्न व्यापाऱ्याचा नव्हताच. आईने लेकीला बोल लावला नाही. तिने मला एवढेच विचारले, “बाई, ही रोज शाळंत येती ना?”

बंधुभगिनींनो, ती रोज येत होती. माझ्या हजेरीपत्रकात ती हजर होती. गणिताच्या तासाला ती विहिरीवर होती. स्त्री असून मी तिला तेथे पाठविले होते. त्या आईला मी काय उत्तर दिले ते मला आठवत नाही. तिचा प्रश्न मात्र प्रत्येक शाळाभेटीत माझ्याबरोबर असतो.

दरवर्षी ३ जानेवारीस आपण सावित्रीबाई फुले यांची जयंती बालिका दिन म्हणून साजरी करतो. भाषणे उत्तम होतात. परंतु त्या दिवशी सकाळी सडा कोण घालते, पाहुण्यांना चहा कोण देते आणि आभार कोण मानते, हे पाहावे. रूढी पुस्तकात कोठेही लिहिलेली नसते. ती अशा वाटणीतून शिकविली जाते, आणि हा पाठ विद्यार्थी कधी विसरत नाहीत.

म्हणून माझ्या चार सूचना आहेत. पहिली, शाळेतील स्वच्छतेची व पाण्याची पाळी मुलामुलींत सारखी असावी आणि ती तासाच्या वेळेबाहेर असावी. भाकरी भाजणाऱ्या मुलाला वर्गात कोणी हसत असेल, तर ते हसणे तेथेच थांबवावे. दुसरी, २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात घरकाम करणारा पुरुष चित्रांतून दाखविला. त्या चित्रांवर मुलांना मोकळेपणाने बोलू द्यावे. तिसरी, गणिताच्या उदाहरणांत हिरडा विकणारी, खत घेणारी, मजुरी चुकविणारी स्त्री यावी, आणि ते उदाहरण फळ्यावर मुलीनेही सोडवावे. चौथी सूचना मातांविषयी आहे. मुलांच्या शासकीय कागदपत्रांत आता आईचेही नाव लिहिले जाते. ते नाव जिचे आहे, तिला ते वाचता यावे. नवभारत साक्षरता कार्यक्रमाचे काम आपल्याला जादा ओझे वाटते, हे मी जाणते. परंतु म्हसवडच्या स्त्रियांना बँकेच्या दारापर्यंत नेणारी वाट अशाच संध्याकाळच्या अक्षरांतून गेली होती.

आपल्यापैकी कोणाला बँक काढावयाची नाही. आपल्याला एवढेच करावयाचे आहे, की जी मुलगी हजेरीपत्रकात हजर आहे, ती वर्गातही हजर असावी. उद्या तिची आई दारात येऊन तोच प्रश्न विचारील, तेव्हा आपल्याला मान वर करून ‘होय’ म्हणता यावे.